बुटातलं बटण

बँडवाल्याच्या लाल कोटाचं शेवटचं पितळी बटण हरवलं आणि टेलरमास्तरांनी दुकान डोक्यावर घेतलं. संध्याकाळी त्याच कोटात बँडवाल्याला वाजवायचं होतं, आणि बिगुल कोरलेलं तसलं बटण सहजी मिळणारं नव्हतं. चिंध्यांचा ढीग उपसून झाला, मशीनखाली वाकून झालं. मग मास्तरांनी नेहमीप्रमाणे खापर बायकोवर फोडलं, कारण काजं-बटणं तिच्याकडे असत. "तुझं लक्षच नसतं," ते म्हणाले.

बँडवाला काकुळतीला आला. शेवटी मास्तर बूट चढवून तरातरा बाजारात गेले, सगळ्या गल्ल्या पालथ्या घातल्या आणि हात हलवत परतले. मशीनवर बसायला त्यांनी सवयीने बूट काढले, तर एका बुटातून बटण घरंगळत बाहेर आलं. तळव्यावर बिगुलाचा छान छाप उमटला होता. बँडवाला पोट धरून हसला. बायको हसली नाही.

"अहो, एवढं बटण पायाखाली घेऊन गावभर फिरलात, आणि कळलं नाही?"

साखरेपायी पाय बधिर होत चालले होते, हे मास्तरांनी दडवून ठेवलं होतं. पायाला पायडल कळेनासं झालं तर मशीन सुटेल, ही त्यांची धास्ती. आता दडवायला काही उरलं नव्हतं. डॉक्टरांनी साखर आटोक्यात ठेवायला, रोज पाय तपासायला आणि चालायला सांगितलं. चालण्याने नसांना मदत होऊ शकते, पण हमी नाही, असंही ते म्हणाले.

तेव्हापासून रोज सकाळी बायको त्यांना ओढून नेऊ लागली. मोजेही तीच तपासून हातात देई. मास्तर वाटभर कुरकुरत: ऊन फार आहे, गिऱ्हाइकं खोळंबली आहेत. पायांबद्दल मात्र अवाक्षर नाही, आणि तिच्या जिवाला नेमका त्याचाच घोर लागला होता.

बऱ्याच महिन्यांनी एकदा मास्तर भर रस्त्यात थांबले. "मोज्यात काहीतरी खुपतंय."

बायकोने त्यांना कट्ट्यावर बसवून मोजा उतरवला. आतून मऊ दोऱ्याची इवलीशी गाठ निघाली.

"बघ, तुझं लक्षच नसतं," मास्तर भडकले.

"रोज मीच घालते ती," ती म्हणाली. "आज पहिल्यांदा लागली तुम्हाला." तिचे डोळे भरून आले होते.

"बूटही चावतोय," मास्तर पुटपुटले.

"हो? अजून काय काय होतंय, सांगा ना."

घर येईपर्यंत मास्तर कुरकुरत राहिले, आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच तिने त्यांची प्रत्येक कुरकुर कान देऊन ऐकली.