साळूबाईच्या गाडीचे जाड बोल्ट

एका जंगलात, मुलांनो, रस्ते कमी आणि शेजारी फार होते. पुढं सरकून बसा, म्हणजे मागच्यांनाही जागा होईल.

तिथं साळूबाई नावाची साळिंदर राहायची. तिच्याकडं एक जीप होती. दगडधोंड्यांतून, ओढ्यातून, चिखलातून, कुठूनही जायची. पण साळूबाईला ती एकाच कामासाठी हवी होती. तिची लेक सावरी घाटापलीकडच्या रानात दिलेली, आणि आता पहिलटकरीण.

तुम्हांला ठाऊक नसेल, साळिंदराचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याचे काटे मऊ असतात. थोड्याच वेळात ते टणक होतात. पोटाशी धरायचं तर तेवढ्यातच. पुढं जन्मभर माया ती लांबूनच. सावरीच्या वेळी साळूबाई तापानं फणफणलेली होती. लेक पोटाशी धरायची राहूनच गेली. नातवंडाला मात्र धरायचंच, असं तिनं मनाशी ठरवलं होतं.

आता या जंगलाची एक रीत ऐका. कुणाची गाडी उभी दिसली की येताजाता तिच्या चाकाच्या नटांना आपला एक पीळ द्यायचा. न देणाऱ्याला तुसडा म्हणत. हत्तीकाका सोंडेनं पीळ देत. अस्वलभाऊ पान्याला लांब पाइप लावून त्यावर नाचत.

"चाक निसटलं म्हणजे?" ते म्हणत. "आपल्या साळूबाईंची गाडी आहे!"

चाक निसटलं नाही. ज्यावर नट बसतो तो बोल्टच एक दिवस तुटला. मग त्याच्या शेजारचा.

तरस मिस्त्रीला बोलावणं गेलं. तो गाडीखाली शिरला आणि हसत बाहेर आला. तो नेहमीच हसत बाहेर यायचा, त्यामुळं बिघाड लहान की मोठा ते कुणाला कळत नसे.

"बोल्ट बारीक होते, बाई."

"बारीक कसे? इतके दिवस चालले की."

"इतके दिवस बारीकच होते."

साळूबाई दबकत म्हणाली, "जरा जास्तच आवळले गेले असतील का हो?"

शेजारी अंगणातच जमले होते. हत्तीकाकांची सोंड खाली आली. अस्वलभाऊ स्वतःची नखं न्याहाळू लागले. "म्हणजे आमचंच चुकलं म्हणा ना सरळ."

"अगंबाई, तसं नाही हो!" साळूबाई घाईघाईनं म्हणाली. "बोल्टच बारीक होते मेले."

मग मिस्त्रीनं हबची, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या लोखंडाची, भोकं मोठी केली आणि त्यांत जाडजूड काळे बोल्ट ठोकले. सगळं जंगल बघायला लोटलं. बोल्ट जाड, तेव्हा पीळही तसाच हवा, यावर कुणाचं दुमत नव्हतं. अस्वलभाऊंनी पाइप बदलून आणखी लांब आणला.

आणि एका सकाळी निरोप आला. सावरीला कळा सुरू झाल्या.

साळूबाई निघाली, तर गाडीपाशी हत्तीकाका उभे. "निघालात? थांबा, शेवटचा एक पीळ देतो."

"नको काका. पुरे झालं आता."

"बरं. आम्ही कोण म्हणा."

साळूबाईनं पाहिलं. काकांनी सावरीसाठी कोवळ्या बांबूंची मोळी आणली होती. तिचा जीव विरघळला.

"द्या हो," ती म्हणाली.

काकांनी दिला. मग अस्वलभाऊंना वाईट वाटू नये म्हणून त्यांनीही दिला.

घाटाच्या मध्यावर चाकात बाभळीचा काटा घुसला. फुस्स! मागं स्टेपनी होती. साळूबाईनं पाना लावला. नट हलेना. ती पान्याला लोंबकळली. तरीही हलेना.

मंडळी पाठोपाठ येतच होती. या जंगलात बाळंतपणाला निघालेल्या आईला घाटमाथ्यापर्यंत पोचवायला जातात.

"कुणी आवळलाय हो एवढा?" अस्वलभाऊ धापा टाकत म्हणाले. "तुम्हीपण ना साळूबाई, कुणालाही हात लावू देता!"

शेवटी हत्तीकाकांनी पाइप सोंडेत धरला आणि जोर लावला. कडाड! नट सुटला नाही. हबच फुटला. नट, बोल्ट, हबचा तुकडा, सगळं घेऊन चाक गडगडत गेलं आणि करवंदीच्या जाळीत पडलं.

तरस मिस्त्री धावत गेला. तिथूनच ओरडला, "बघा, बघा! एक तरी बोल्ट तुटलाय का?"

मंडळींनी टाळ्या वाजवल्या.

साळूबाई पायीच निघाली. पाय आखूड, घाट उभा. हत्तीकाका आडवे येऊन गुडघ्यावर बसले.

"बसा पाठीवर."

"अहो, माझे काटे..."

"बसा म्हणतो ना!"

काका वाटभर हूं की चूं करेनात. डोळ्यांतून मात्र पाणी गळत होतं.

पोचेपर्यंत उन्हं उतरली. सावरी बिळात निजली होती. कुशीजवळ एवढंसं काहीतरी. साळूबाईनं हात धुतले, ते उचललं आणि पोटाशी धरलं.

"आई गं!"

काटे टणक झाले होते.

"दुपारपर्यंत कणसाच्या केसांसारखे होते गं," सावरी म्हणाली. "सारखी वाटेकडं बघत होते मी."

साळूबाईनं पिल्लाला हळूच खाली ठेवलं. जरा लांब सरकून बसली. लांबूनच बघत राहिली.

बाहेर हत्तीकाका पाठीतले काटे उपटत होते. त्यांनी बिळाच्या तोंडाशी वाकून विचारलं, "पोचलात ना हो वेळेवर?"

साळूबाईनं डोळे पुसले.

"पोचले, काका. अगदी वेळेवर."

"मग झालं तर! मिस्त्री म्हणतोय, आता हबच जाड बसवू."

तात्पर्य : मुलांनो, बोल्ट नेहमी जाडच बसवावेत. चाक जातं, वेळ जाते, नातवंडाचे काटे टणक होतात. पण बोल्टाला काही होत नाही, आणि शेजाऱ्यांचं मनही मोडत नाही.