जुन्या दुकानाची पिशवी

तायनान शहरातल्या देवळाजवळ, पावांच्या त्या जुन्या दुकानापुढची रांग पार वळणापर्यंत गेली होती. योंगफानं रांग पाहिली, आपले गुडघे आठवले आणि समोरच्या नव्या दुकानातून डुकराच्या खिम्याचे सहा वाफाळते पाव घेतले. भरले मात्र जुन्या दुकानाच्या पिशवीत. ती त्यानं घरूनच खिशात आणली होती. (म्हणजे गुडघे आधीच आठवले होते.)

आज त्याच्या बायकोचं, युएश्याचं, वर्षश्राद्ध. शेवटच्या आजारपणात तिनं जुन्या दुकानातले पाव मागितले होते. "उद्या आणतो," तो म्हणाला होता. तेव्हाही रांगच होती.

पाव फोटोपुढे मांडून त्यानं उदबत्ती लावली. बायको जेवल्याशिवाय घरच्यांनी जेवायचं नाही. जेवली का, ते दोन लाकडी चंद्रकोरी टाकून विचारायचं. एक उताणी, एक पालथी पडली की जेवली.

"झालं का गं?"

दोन्ही पालथ्या.

"दमानं घ्या, बाबा," त्याची मुलगी ह्वेइवन म्हणाली. "आई कधी घाईनं जेवलीय?"

सातव्यांदाही पालथ्याच.  उदबत्तीचा धूर फोटो सोडून पिशवीभोवती घुटमळत होता.

आठव्यांदा दोन्ही उताण्या पडल्या आणि पाठीवर डुलत राहिल्या. टक्, टक्, टक्. थांबेचनात.

"हसतेय ती," ह्वेइवन हळूच म्हणाली. "बाबा, काय केलंत तुम्ही?"

"मी? कुठं काय?"

डुलणं एकदम थांबलं.

योंगफानं उठून चपला घातल्या.

"आता कुठं निघालात?"

"रांगेत."

दीड तासानं नंबर लागला. दुकानाच्या म्हाताऱ्या मालकीणबाई म्हणाल्या, "वर्षभर दिसला नाहीत! वहिनी बऱ्या आहेत ना?"

"आज भूक लागलीय तिला," तो म्हणाला.

घरी येऊन पाव मांडले, थोडं थांबून विचारलं. पहिल्याच फटक्यात एक उताणी, एक पालथी. योंगफाला बराच वेळ फोटोकडे बघवेना.

ह्वेइवननं गरम पाव उचलला. योंगफानंही हात पुढे केला, मग उगाच चंद्रकोरी टाकून विचारलं, "मी घेऊ ना?"

दोन्ही पालथ्या.

"मघाच्या पावांचं विचारून बघा," तोंडातला घास सावरत ह्वेइवन म्हणाली.

"ते गार झालेले खाऊ?"

एक उताणी, एक पालथी.

"सगळे?"

पुन्हा तेच.

चौथा पाव कसाबसा घशाखाली उतरल्यावर त्यानं चोरून फोटोकडे पाहिलं, आणि मुकाट्यानं पाचवा उचलला.