टपाखालचा बुधवार

दिनकर रेडेकरच्या पिकअपवर जो फायबरचा टप होता, त्याच्याखाली गेले पाच महिने बुधवार होता. बाहेर गडहिंग्लजात श्रावण लागला होता. पण टपाची मागची फळी वर करून आत वाकलं, की फाल्गुनातला बुधवार आणि सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं.

हा टप म्हणजे गाडीच्या हौद्यावर बसणारं पांढरं झाकण. चार क्लॅम्प सोडले की चौघांना उचलून बाजूला ठेवता येईल असं. दिनकर गावोगाव खारी, बटर, टोस्ट पोचवायचा, आणि माल भिजू नये म्हणून त्याने तो तीन वर्षांपूर्वी बसवून घेतला होता. तेव्हा टपाखाली इतर सगळीकडे असायचा तोच वार असे.

गल्लीने ही गोष्ट पंधरा दिवसांत मान्य केली, आणि महिन्याभरात वापरायला सुरुवात केली. आत ठेवलेलं दूध नासत नाही हे पहिल्यांदा कळलं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की ज्यांचा गुरुवार कडक आहे, शनिवार पाळायचा आहे, सोमवारी घरात अंडंसुद्धा फुटत नाही, त्यांना टपाखाली काहीच आडकाठी नाही. तिथे बुधवार. लोक डबे घेऊन येऊ लागले. श्रावण लागल्यावर तर दुपारी गाडीमागे चपलांची रांग लागू लागली, कारण आत श्रावणही नव्हता. माणसं ओणवी होऊन चढत, मांडी घालून तांबडा रस्सा ओरपत, हात पुसत आणि बाहेर श्रावणात उतरत. हे करताना कुणाला अपराधी वाटत नसे, कारण कुणी नियम मोडत नव्हतं.

दिनकरही काही म्हणत नसे. त्याने माल पोचवायला स्कूटर काढली होती. एकच अट होती. उजव्या अंगाला अंथरलेल्या गादीवर बसायचं नाही, आणि तिच्या उशाशी ठेवलेल्या थर्मासच्या झाकणातला चहा सांडायचा नाही. त्या अर्ध्या चहावर पाच महिने वाफ होती.

तो चहा शालनचा होता. शालन म्हणजे दिनकरची बायको. त्या बुधवारी तिला कोल्हापूरच्या दवाखान्यात न्यायचं होतं. पुढच्या सीटवर तिला बसवेना, म्हणून मागे गादी घातली आणि शेजारच्या बेबीवैनी सोबतीला बसल्या. कागलच्या नाक्यावर दिनकरने गाडी बाजूला घेतली, फळी उघडली, चहा ओतून दिला. शालनने दोन घोट घेतले. मग टपाच्या भिंतीवर उजवा तळवा टेकवला.

"आत कोंदट होतंय ओ," ती म्हणाली. "हितं हाताजवळ एक खिडकी पाहिजे होती."

"बसवतो की. संध्याकाळी घरी गेलो की लगेच."

"आजच?"

"आजच."

दवाखान्यात तिला गाडीतून उतरवल्यावर बाहेरची वेळ लागू झाली, आणि तीन वाजता ती गेली. टपाखाली मात्र अकरा वीसच राहिले. तिचं मनगटी घड्याळ गादीवर पडलं होतं, त्याच्या चौकटीत वार बुधवारच दिसे. भिंतीवर तिच्या घामेजल्या तळव्याचा ठसा ओला होता, पाचही बोटं वेगळी मोजता येतील असा.

दिनकर हिशेबी विचाराचा माणूस नव्हता, पण एवढं त्याला कळत होतं की तो शब्द अजून मोडलेला नाही. आज म्हणालो होतो, आणि आत अजून आजच आहे. संध्याकाळ व्हायची आहे. या समजुतीवर त्याने पाच महिने काढले. मग श्रावणातल्या पहिल्या सोमवारी जेवता जेवता कुणाचा तरी खांदा मागे रेलला आणि त्या ओल्या ठशापासून दोन बोटांवर येऊन थांबला. दिनकर बाहेर उभा राहून बघत होता. त्याने त्या माणसाला जेवू दिलं. माणूस उतरल्यावर फळी लावली आणि ठरवलं, खिडकी बसवायची.

दुसऱ्या दिवशी बेबीवैनी गल्लीचा निरोप घेऊन आल्या. त्या दारातच उभ्या राहिल्या.

"दिनकरदादा, खिडकी पाडणार म्हणं तुम्ही?"

"पाडणार."

"गल्लीचं म्हणणं असं हाय की बुधवार जाईल. आता कसं, एका तोंडाची जागा हाय. वारं आत शिरतंय, पण त्याला पुढं जायला वाट न्हाई, म्हणून वार टिकलाय. दुसरं तोंड पाडलं की हिकडनं आत, तिकडनं बाहेर."

"तसंच होणार."

"मग निदान श्रावण तरी सरू द्या. लोक म्हणत्यात, गणपती झाल्यावर काय ती खिडकी करा."

"वैनी, तुम्ही होता की आत. मी काय म्हणालो तिला?"

बेबीवैनींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "आज म्हणाला होता."

"मग गणपतीनंतर कसं चालेल?"

त्यांनी बोटाचा पदर सोडला. "न्हाई चालणार," त्या म्हणाल्या. "सांगते मी गल्लीला. शिव्या घालतील, पण सांगते."

दिनकर आयुष्यभर कागदपत्रांनी चालणारा माणूस. गाडीत फेरफार करायचा तर परवानगी हवी, म्हणून तो पिकअप घेऊन परिवहन कार्यालयात गेला. निरीक्षक पोवार जाडजूड आणि शांत होते. त्यांनी अर्ज वाचला, टपाची लांबी-रुंदी टेपने मोजली, बूट काढून आत शिरले. पाच मिनिटांनी उतरले आणि अर्जाच्या समासात लिहिलं : टपाखाली बुधवार आढळला.

"फेरफार आतून करणार की बाहेरून?" त्यांनी विचारलं.

"आतून."

"मग काम बुधवारी झालं असं धरावं लागेल. आणि तुमचा अर्ज आलाय आज. कामानंतर पाच महिन्यांनी परवानगी मागितली असं दिसेल. हे नियमात बसत नाही."

"मग काय करायचं, साहेब?"

पोवारांनी पेनाने कान खाजवला. "शिक्का आणतो," ते म्हणाले.

ते शिक्का आणि शाईचं पॅड घेऊन पुन्हा आत चढले, दिनकरलाही चढायला लावलं, आणि अर्ज तिथे स्वीकारून तिथेच मंजूर केला. उतरताना त्यांचं लक्ष भिंतीवरच्या ठशाकडे गेलं.

"हे इथंच पाडायचं आहे?"

"इथंच. तिनं जागा दाखवलीय."

"ठसा जाईल."

"होय."

पोवारांनी बूट घातले. नाड्या बांधायला त्यांनी नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. "आडवी अठरा इंच, उभी बारा," ते म्हणाले. "त्यापेक्षा मोठी करू नका."

रविवारी इस्माईल मुल्ला आला. तो फायबरच्या टाक्या, होड्या, लग्नाच्या स्टेजचे खांब असं सगळं करायचा. त्याने टपाभोवती एक फेरी मारली, बोटाने दोनचार ठिकाणी टकटक केलं.

"मामा, हे काम टप काढून करायचं असतंय. काढायचा, अंगणात उताणा घालायचा, मग कडेला जाळी अंथरून वरनं रेझिनचा चिकट रस लावायचा. जाग्यावर केलं तर सगळं गळून आपल्याच टाळक्यावर येतंय."

"टप काढायचा नाही."

"अवो, काढता येतोय म्हणून तर हे क्लॅम्प हायत."

"काढला तर खालची गादी बाहेर पडेल. रविवारात."

इस्माईलने आत डोकावून पाहिलं. गादीच्या मधोमध खळगा होता, कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखा. त्याने तिथे हात नेला, आणि न टेकवताच मागे घेतला.

"ऊब हाय," तो हळूच म्हणाला. "बरं. जाग्यावर करू."

त्याने कापायचा ग्राइंडर लगेच दिनकरच्या हातात दिला नाही. आधी मापं घेतली, कडेला खुणा केल्या, ठसा चौकटीच्या बरोबर मध्ये येईल असं बघितलं. मग मात्र म्हणाला, "कापायचं तुम्हीच. शब्द तुमचा हाय."

दिनकरने तोंडाला ओला पंचा बांधला, मागची फळी आतून ओढून घेतली, चहाच्या झाकणावर स्टीलची ताटली ठेवली, गादीवर प्लास्टिक पसरलं आणि ग्राइंडर चालू केला. फायबरची भुकटी उडाली. ती खाली बसेना, अकरा वीसच्या हवेत तशीच लटकत राहिली, आणि त्याला पांढऱ्या धुक्यातून अंदाजाने कापावं लागलं. हात भरून आले. इस्माईल बाहेरून सांगत होता, डावीकडं, अजून, आता खाली. तीन बाजू कापून झाल्यावर दिनकर थांबला. चौथी कापेपर्यंत सगळं जसंच्या तसं होतं. त्याने पंचा सारखा केला आणि चौथी कापली.

तुकडा बाहेरच्या अंगाला इस्माईलच्या हातात पडला. त्याने तो दोन्ही हातांनी, ताट धरावं तसा धरला. रविवारच्या उन्हात ठसा आधी करंगळीकडून वाळला, मग बाकीची बोटं, शेवटी तळव्याचा मधला भाग. मिनिटभरात तुकडा कोरडा झाला. इस्माईलने तो घरात नेऊन तांदळाच्या डब्यावर ठेवला आणि परत येऊन मगमध्ये रेझिन ओतलं.

रेझिन दिनकरने आतून लावलं. ते घट्ट होईना. इस्माईलने हार्डनर वाढवला, पुन्हा वाढवला, तिसऱ्यांदा वाढवला. उपयोग होत नाही म्हणून दिनकरने रेझिनचा मग खिडकीतून बाहेर दिला, तर ब्रशसकट सगळं तिथल्या तिथे दगड झालं.

"आत वेळच चालत न्हाई, तर ते वाळणार कधी?" इस्माईल म्हणाला.

"चालेल," दिनकर म्हणाला. "मागची फळी उघडी टाक पूर्ण."

इस्माईलने फळी वर केली. दिनकरने ताटली उचलली. चहाची वाफ सरळ वर जात होती. ती थरथरली, वाकली आणि खिडकीकडे निघाली. मागोमाग भुकटी निघाली. गादीवरच्या घड्याळात अकरा एकवीस झाले.

मग काम भराभर झालं. कडा वाळल्या, घासून झाल्या, रबराची पट्टी बसली, सरकती काच बसली. इस्माईल हातपाय धुऊन गेला. दिनकर खाली उतरला नाही. गादीच्या कडेला बसून राहिला. चहा कोमट झाला तेव्हा त्याने तो पिऊन टाकला. खळग्यावर त्याने एकदाच हात ठेवला, आणि तो गार होईपर्यंत ठेवला. आत बुधवारची दुपार झाली, तीन वाजले, तीन वाजून गेले. साडेसहाला संध्याकाळ झाली, तेव्हा खिडकी बसलेली होती. त्याने काच एकदा लावून पाहिली, एकदा उघडून पाहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बेबीवैनी डबा घेऊन आल्या. गल्लीतलं आणखी कुणी आलं नव्हतं. डब्यातून मटणाचा वास येत होता.

"बुधवारच हाय न्हवं अजून?" त्यांनी विचारलं.

"गुरुवार लागला, वैनी."

त्यांनी वाकून घड्याळात पाहिलं आणि डब्यावर पदर घेतला. मग तशाच वर चढल्या, त्या दिवशी बसल्या होत्या त्याच कोपऱ्यात बसल्या आणि खिडकीतून हात बाहेर काढला.

"बुधवार सरायच्या आत बसली?"

"दिवस मावळायच्या आत."

"मग झालं." त्यांनी हात बराच वेळ बाहेरच ठेवला. "वारं चांगलं लागतंय."

"हो."

"गुरुवारी वरणभात चालतोय न्हवं तुम्हाला?"

"चालतो."

"आणते. बाहेर सोमवार, आत गुरुवार. वरणभाताला दोन्हीकडं कुणी नाव ठेवणार न्हाई."

त्या डबा घेऊन घरी गेल्या. दिनकरने गादी उन्हात घातली, घड्याळाला किल्ली दिली, टपाच्या चारही क्लॅम्पांना तेल सोडलं, आणि शुक्रवारपासून खारीचे ट्रे पुन्हा गाडीत भरायचे ठरवलं.