पोतनीस आणि माथेरानची घोडी

पहिल्या भेटीत लोक नमस्कार करतात, फार तर हात मिळवतात. पोतनीसांनी माझी पाठ चाचपली. कळंबोलीच्या नव्या वसाहतीत आमचं सामान उतरत होतं, मी कपाट उचलायला वाकलो होतो, आणि मागून कुणाचा तरी अंगठा कमरेच्या जरा वर रुतला. "इथं अडकलंय," असं म्हणून तो माणूस जिना चढून निघून गेला. हे आमचे वरच्या मजल्यावरचे शेजारी आणि तळोज्याच्या ज्या कारखान्यात मी नुकताच लागलो होतो तिथल्या स्टोअर्सचे हेडक्लार्क, हे मला दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या बसमध्ये कळलं.

ऐंशी साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. वसाहतीत दवाखाना यायचा होता, त्यामुळे प्रत्येक जिन्यात एक घरगुती डॉक्टर तयार झाला होता. कुणी साबुदाण्याएवढ्या गोळ्या वाटायचं, कुणी तळपाय दाबून अपचन बरं करायचं, कुणी तांब्याला लोहचुंबक टेकवून ते पाणी प्यायचं. पोतनीस हे सगळंच करायचे, पण त्यांचं खरं शास्त्र मणक्याचं. फोर्टातल्या फुटपाथवर त्यांना हाडं बसवण्याचं एक इंग्रजी पुस्तक मिळालं होतं. पुस्तक होतं माणसांसाठी आणि यांचा जीव घोड्यांवर. मी एकदा शंका काढली, तर म्हणाले, "मणका तो मणका. माणसाचा उभा, घोड्याचा आडवा. पुस्तक आडवं धरायचं, झालं."

आता कळंबोलीत घोडा कुठून येणार? वरातीत यायचा तेवढाच. बँड वाजला की पोतनीस पायात मिळेल ती चप्पल अडकवून खाली धावायचे. एका लग्नात त्यांनी बँड थांबवला, नवरदेवाला खाली उतरवलं आणि घोडीची पाठ चोळत बसले. मुंडावळ्या सावरत तो बिचारा रस्त्यात उभा. मुलीकडचा एक तापट मामा मांडवातून बघायला आला, तर त्यालाही सांगितलं, "तुम्ही सगळा भार डाव्या पायावर टाकताय." पोतनीसवहिनी म्हणायच्या, "मला बघायला आले तेव्हा गाणं विचारलं नाही की स्वयंपाक विचारला नाही. दारापर्यंत चालून दाखवा म्हणाले. खूर बघायचे तेवढे राहिले."

हे वेड लहानपणचं. वडील फलटणकडे सर्कल इन्स्पेक्टर होते, फिरतीसाठी घोडा होता. पुढे वडिलांनी मोटारसायकल घेतली आणि पोतनीस एक दिवस शाळेतून आले तेव्हा खुंटा रिकामा होता. तेव्हापासून त्यांना एक घोडा हवा होता. रेससाठी नाही, रुबाबासाठी नाही. नुसता हवा होता.

आणि एका पावसाळ्यात तो चालून आला. चालून म्हणजे लंगडत.

आमची बस नावडे गावावरून जायची. तिथल्या आनंदीबाईंची शेती वसाहतीत आणि कारखान्यांत गेली होती, बैल विकले होते आणि गोठा ओस पडला होता. माथेरानला पर्यटकांना घोड्यावरून फिरवणारा लक्ष्मण आपली घोडी त्या गोठ्यात ठेवून गेला. पावसाळ्यात वर गिऱ्हाईक नसतं, आणि ही तर वजनं वाहून पाठीतून आखडली होती, मागचा डावा पाय अर्धाच टाकायची. पोतनीसांनी बसच्या खिडकीतून तिला पाहिलं आणि ओरडून बस थांबवली. त्या दिवशी स्टोअर्स जेवणाच्या सुट्टीपर्यंत उघडलं नाही.

लक्ष्मण पुढच्या खेपेला आला तेव्हा पोतनीस घोडीची शेपटी दोन्ही हातांनी धरून, मागं रेलून, डोळे मिटून उभे होते. लक्ष्मण बघतच राहिला.

"साहेब, काय करताय?"

"मणके मोकळे करतोय."

लक्ष्मणने डोकं खाजवलं. "करा. दिवाळीच्या सीझनला चालली तर नेतो वर. नाय चालली तर लंगडीला घेऊन मी काय करू? तुमीच ठेवून घ्या."

सौदा इतका सरळ होता. घोडी लंगडी राहिली तर पोतनीसांची. त्यांनी फक्त काही करायचं नव्हतं.

आणि पोतनीस रोज संध्याकाळी नावड्याला उतरायला लागले. आनंदीबाईंनी मिठागरावरचं जाडं मीठ दिलं, ते तव्यावर भाजून पुरचुंडीत बांधायचं आणि पाठीला शेक द्यायचा. मग तेल. मग मणक्याच्या दोन्ही अंगांनी बोटं फिरवत यायचं. एका जागी तिची कातडी थरथरायची, तिथं तळवा ठेवून नुसतं थांबायचं. मग गुळाचा खडा कुशीजवळ धरून तिला मान वळवायला लावायचं. घोडीचं नाव लकी होतं, पण पोतनीस तिला 'बाईसाहेब' म्हणायचे. "बाईसाहेब, जरा इकडं बघा. घाई नाही." घरी वहिनींशी ते इतक्या अदबीनं बोलल्याचं मला आठवत नाही.

गणपती झाले आणि घोडी, लंगडत का होईना, पाय पुरता टेकवू लागली. सगळ्यांत आधी ते आनंदीबाईंच्या लक्षात आलं. "साहेब, आता ऱ्हाऊ द्या तिला अशीच," त्या म्हणाल्या. "लंगरी हाय तवर तुमची हाय. माजा गोठा काय पलून जात न्हाय."

मीही बसमध्ये म्हटलं, "पोतनीस, दिवाळीपर्यंत हात आखडता घ्या की."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नावड्याला उतरणं बंद केलं. आठवडाभर संध्याकाळी गॅलरीत बसून राहिले. वहिनींची पाठ दाबून दाबून लाल केली. मग एक दिवस नावडं आलं तसे ते उठले. मीही मागोमाग उतरलो. घोडीच्या पाठीवर त्यांनी हात ठेवला आणि कातडी थरथरली.

"बघा," ते म्हणाले. "दुखतं ठेवायचं आणि माझी माझी म्हणायचं? नाही हो जमत." आणि शर्टाच्या बाह्या सारून त्यांनी मीठ तापत ठेवलं.

दिवाळीच्या तोंडावर लक्ष्मण आला. घोडी गोठ्यातून सरळ चालत अंगणात आली. लक्ष्मणने तिला फिरवली, जरा दौडवली, आणि हसत पोतनीसांच्या पाया पडायला वाकला. पोतनीसांनी सवयीनं त्याचीही पाठ चाचपली. मग जड माणूस बसवू नकोस, जीन मागं घे, असं बरंच सांगितलं. लक्ष्मण सगळ्याला हो म्हणत होता.

"साहेब, तुमी बसा की एकदा," तो म्हणाला. "एवढी सेवा केली. गावातून एक चक्कर मारा."

पोतनीसांनी चपला काढल्या. मला हळूच म्हणाले, "मी कधी बसलेलो नाही. वडील बसू द्यायचे नाहीत, सरकारी कामाचा घोडा म्हणायचे. मी आपला खरारा करायचो."

ते घोडीजवळ गेले, आयाळीत हात घातला. आनंदीबाई उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. एवढी तरी हौस या माणसाची फिटावी, असं मला मनापासून वाटत होतं. पोतनीसांचा तळवा तिच्या पाठीवरून मागपर्यंत सावकाश गेला. कातडी हलली नाही.

"नको," ते म्हणाले. "आत्ताच मोकळी झालीय." आणि त्यांनी चपला पायात घातल्या.

लक्ष्मण तिला घेऊन पनवेलच्या दिशेनं निघाला. आम्ही फाट्यावर बसची वाट बघत उभे राहिलो. आमची बस आली, पोतनीस चढले नाहीत, म्हणून मीही चढलो नाही. घोडी वळणाआड जाईपर्यंत ते तिच्या मागच्या पायांकडे बघत होते.

"चढावर तिला काही होणार नाही," ते म्हणाले. "उतारावर भार पुढं येतो, तेव्हा थांबून थांबून आणायला पाहिजे."

"सांगितलंत ना तुम्ही लक्ष्मणला."

"सांगितलंय हो," पोतनीस म्हणाले. "पण मी नसणार ना तिथं."

पुढची बस यायला बराच वेळ लागला.