नाव घातलेली भांडी

पेडणेकरांनी एकदा मोबाईलवरच्या लिलावात दोन दारांचा फ्रिज, दोन लोखंडी कपाटं, शिलाई मशीन आणि पोळ्यांचा एक डबा असा सगळा ढीग एकाच बोलीत जिंकला. माल खारघरला होता. मी माझा टेम्पो काढला. चौथ्या मजल्यावरून फ्रिज उतरवायचा म्हणून नाक्यावरून चार माणसंही घेतली. पेडणेकर वर गेले आणि पाच मिनिटांत खाली आले. काखेत पोळ्यांचा डबा.

"झालं. चला."

"आन फ्रिज?"

"वॉचमनला दिला. कपाटं झाडूवालीला. त्यांच्यावर नाव कुठे आहे?"

मग मी, पेडणेकर, चार हमाल आणि एक डबा असे आम्ही टेम्पोनं सुकापूरला परत आलो. वाटेत हमाल एकमेकांकडे बघत होते. मी समोर बघून गाडी चालवत होतो.

मी चौथी शिकलोय. पण आमची बिल्डिंग ज्या जमिनीवर उभी आहे तिथं माझ्या बापानं भात लावला, मीही लावला, त्यामुळे इथं कोण राहायला येतं ते मी नीट बघून घेतो. पेडणेकर आले ते एकटेच. सामान अर्धा टेम्पोसुद्धा नव्हतं. स्वयंपाकघरात एक कुकर, एक कढई आणि प्लास्टिकची दोन ताटं. मला वाटलं, हा माणूस कंजूष असणार. माझं माणूस ओळखण्यात सहसा चुकत नाही, तेव्हा चुकलं.

ते टपाल खात्यातून रिटायर झालेले. कुणी पोस्टमन म्हटलं की ते लगेच थांबवतात. "पोस्टमन नाही. सॉर्टर." म्हणजे पत्रांच्या ढिगासमोर उभं राहायचं, पत्ता वाचायचा आणि ज्या गावाचं पत्र त्या गावाच्या खणात टाकायचं. छत्तीस वर्षं त्यांनी हेच केलं. मला एकदा म्हणाले, "धर्माशेठ, लाखो पत्रं माझ्या हातून गेली, पण एकही दार उघडताना मी पाहिलं नाही. ती मजा पोस्टमनची."

आता लिलावाचं सांगतो. आमच्याकडे हल्ली जुनी माणसं गेली की त्यांची मुलं परदेशातून आठ-दहा दिवसांच्या रजेवर येतात. तेवढ्यात दिवस करायचे, कागदपत्रं करायची आणि फ्लॅट रिकामा करून द्यायचा. मग एक कंपनी येते, घरातल्या वस्तूंचे ढीग लावते, प्रत्येक ढिगाला नंबर देते आणि फोटो मोबाईलवर टाकते. कोणीही घरबसल्या बोली लावावी, जिंकली की स्वतः जाऊन माल उचलावा. लोक त्यात टीव्ही बघतात, सोफा बघतात. पेडणेकर फक्त भांडी बघतात. भांड्यातही काठ बघतात. कारण आपल्याकडे भांडं घेतलं की दुकानदाराकडून त्यावर नाव घालून घ्यायची पद्धत आहे. कोणाच्या लग्नात, कोणाकडून, कधीकधी गावाचंही नाव.

मोबाईलवरचा फोटो दोन बोटांनी मोठा होतो हे माझ्या सुनेनं त्यांना दाखवलं. पेडणेकरांनी ऐकून घेतलं आणि खिशातून भिंग काढलं. "बोटानं मोठं केलं की अक्षर फुटतं. भिंगानं फुटत नाही." सून गप्प बसली. तिला गप्प बसवणारा माणूस म्हणून माझ्या मनात त्यांच्याबद्दल पहिल्यांदा आदर उत्पन्न झाला.

नाव दिसलं की ते भांडं घेणार, आणि घेतलं की त्या नावाच्या माणसाला किंवा त्याच्या घरच्यांना नेऊन देणार. फुकट. का, म्हणून विचारलं तर एकच उत्तर. "नाव आहे म्हणजे पत्ता आहे. पत्ता आहे म्हणजे पोचलं पाहिजे."

घरातली एक भिंत त्यांनी लाकडी खणांनी भरून टाकली आहे. पेण, रोहा, अलिबाग, उरण, कर्जत. ज्या गावाचं भांडं त्या गावाच्या खणात. ज्यांचा तपास लागत नाही त्यांना चिठ्ठी बांधलेली. 'पत्ता अपुरा.' 'मालक गाव सोडून गेले.' एका कळशीला पूर्वी होती, 'घेण्यास नकार, पुन्हा प्रयत्न करणे.' त्या कळशीसाठी आम्ही तीनदा रोह्याला गेलो. चौथ्या वेळी त्या घरच्या माणसानं आम्हाला लांबून येताना बघितलं आणि हात जोडून कळशी घेतली.

नेऊन देण्याचेही नियम आहेत. शेजाऱ्याकडे ठेवायचं नाही. दारात ठेवून निघायचं नाही. आतून कोणीतरी दार उघडलं पाहिजे. मग पेडणेकर पूर्ण नाव वाचून विचारणार, "अमुक अमुक इथेच राहतात का?" राहत असले तर ठीक. बहुतेक वेळा उत्तर येतं, ती वारली, ते गेले. मग पेडणेकर वहीत लिहितात, 'मयत. वारसास दिले', आणि सही घेतात.

एकदा पेणला एका परातीवर सासूचं नाव होतं. दार सुनेनं उघडलं. साठीची बाई. नाव ऐकलं आणि तिचा चेहराच बदलला.

"त्या बाईनं मला तीस वर्षं सुखानं भाकरी थापू दिली नाही. दिरानं वाटणीत परात नेली तेव्हा मी नारळ फोडला होता. तुम्ही ती परत घेऊन आलात?"

"हो," पेडणेकर म्हणाले. "इथे सही करा."

"कोंबड्यांना दाणे घालीन मी हिच्यात."

"घाला की. पोचली म्हणजे माझं काम झालं."

बाईनं सही केली, आम्हाला चहाही दिला. निघताना मी मागं वळून बघितलं तर ती पदरानं परातीचा काठ पुसत होती. पेडणेकरांनी वळून बघितलं नाही. दुसऱ्याच्या घरात डोकवायचं नाही, हाही नियम.

उरणकडच्या एका गावात तर कमाल झाली. डब्यावर नाव होतं काशिनाथ म्हात्रे. मी आधीच सांगितलं होतं, "पेडनेकर, त्या गावात दगड भिरकावला तर म्हात्र्यालाच लागंल." ते म्हणाले, नाव आहे म्हणजे पत्ता आहे. देवळाजवळ उभं राहून त्यांनी नाव पुकारलं आणि पाच काशिनाथ म्हात्रे हजर झाले. पाचही जण म्हणाले, डबा माझाच हाय.

पेडणेकरांनी डबा पिशवीतून बाहेर काढलाच नाही. म्हणाले, "ज्याचा असेल त्यानं झाकणाबद्दल सांगावं."

चौघांनी झाकण गोल असल्याचं सांगितलं. पाचवा म्हातारा होता, काठी टेकून उभा. तो म्हणाला, "झाकन नीट बसत नाय त्याचं. आमची आय वरवंट्यानं ठोकायची. एका बाजूला चेपलंय." पेडणेकरांनी डबा काढला. झाकण एका बाजूला चेपलेलं. बाकीचे चौघे हसायला लागले आणि त्या म्हाताऱ्यानं आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. जिताड्याचं कालवण होतं. पेडणेकर मासे खात नाहीत. त्या दिवशी खाल्ले. 'वारसास दिले' लिहायला लागलं नाही म्हणून.

असा हा माणूस. लोक त्यांना वेडा म्हणतात. माझ्यासमोर म्हणत नाहीत.

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. सकाळी दारावर थाप पडली. पेडणेकर, पायात चप्पल नाही. एका हातात मोबाईल, एका हातात भिंग.

"धर्माशेठ, हे वाचा."

"मी चौथी शिकलेला मानूस. तुमी वाचा."

"नाही, तुम्हीच वाचा. माझी नजर आज भरवशाची नाही."

नवीन पनवेलच्या एका घरातला ढीग होता. सव्वीस नंबर. पाणी तापवायचा तांब्याचा बंब, जुनी पातेली, आणि मागे अर्धा लपलेला पितळी तांब्या. मी भिंग धरलं आणि पाटीवर वाचायचो तसं एकेक अक्षर वाचलं. "सौ... नि... र्म... ला... दि." पुढचं पातेल्याआड होतं.

पेडणेकर खाली बसले. निर्मला ही त्यांची बायको. इतक्या वर्षांत तिचं नाव मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

"तांब्या तिनं स्वतःच्या शिवणकामाच्या पैशातून घेतला होता," ते म्हणाले. "दुकानदारानं विचारलं, नवऱ्याचं नाव घालू का? ती म्हणाली, घासणार मी, नाव माझं घाला."

"मग तो हितं कसा आला?"

त्यांनी बराच वेळ भिंग रुमालानं पुसलं. मग सांगितलं. बायको गेली, तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी घरातली सगळी भांडी पोत्यात भरून बाजारात मोडीत दिली. चहा टाकायला गेलं की तिचं नाव, भात उतरवायला गेलं की तिचं नाव. "वाचल्याशिवाय राहता येत नाही मला, सवयच ती. दुकानदार म्हणाला, काका, एखादं तरी ठेवा. मी म्हणालो, वजन करा." मग म्हणाले, "छत्तीस वर्षांत एक पत्र चुकीच्या खणात टाकलं नाही, धर्माशेठ. आणि घरातलं नाव मोडीत टाकलं."

मी म्हटलं, "बोली कवा बंद होनार हाय?"

"उद्या दुपारी बारा."

दुसऱ्या दिवशी अकरापासून आम्ही माझ्या घरी पंख्याखाली बसलो. बारा वाजत आले आणि समोरून कोणीतरी बोली वाढवायला लागलं. शेवटच्या घडीला बोली आली की मुदत तीन मिनिटांनी पुढे जाते. पेडणेकर वाढवत, समोरचा वाढवे. पेडणेकरांचा हात इतका थरथरायला लागला की त्यांनी सव्वीसऐवजी सत्तावीस नंबर दाबला. सत्तावीसमध्ये कमोडची खुर्ची होती. ती आम्हाला ताबडतोब मिळाली, कारण दुसऱ्या कोणालाच ती नको होती.

"आना हिकडं," मी मोबाईल घेतला. "या हातानं मिठागरात मीठ ओढलंय. हा थरथरत नाय."

मी दाबत राहिलो. समोरच्यानं वाढवलं की मी वाढवलं. सून म्हणाली, "बाबा, केवढ्याला घेताय?" मी म्हटलं, "तू कुकर बघ." साडेबारा झाले, पावणेएक झाला. तो माणूस हट्टी होता. पण सरकारनं जमिनीचा भाव सांगितला तेव्हा तीन साहेब माझ्या ओटीवर बसून दमून उठून गेले होते. हा तर मोबाईलमधला. एक वाजायला पाच मिनिटं असताना तो गप्प झाला. तीन मिनिटं गेली. सव्वीस नंबर आमचा झाला.

पेडणेकरांनी मला धन्यवाद वगैरे काही म्हटलं नाही. पंख्याखाली बसून घामानं भिजले होते. म्हणाले, "पुढचं नाव अजून पाहिलेलं नाही. दुसरी कुणी निर्मला असेल."

दुसरी कुणी नव्हती. त्याच संध्याकाळी आम्ही जाऊन तांब्या हातात घेतला. 'सौ. निर्मला दि. पेडणेकर, पनवेल.' खाली टेम्पो घेऊन एक भंगारवाला उभा होता, समोरची बोली त्याचीच. त्याला बंब हवा होता. पेडणेकरांनी बंब, पातेली, सगळं त्याला देऊन टाकलं. तो पुन्हा पुन्हा विचारत होता, "चाचा, सच में? सिर्फ लोटा?"

घरी आल्यावर मात्र पेडणेकरांनी तांब्या स्वतःकडे नेला नाही. माझ्या देवघराजवळ ठेवला. म्हणाले, "उद्या सकाळी दहा वाजता तुम्हाला वेळ आहे का? ही घ्या किल्ली. माझ्या घरात जाऊन बसा."

"कशाला?"

"दार उघडायला आतून कुणीतरी पाहिजे."

सकाळी गेलो, कडी लावली आणि त्या खणांच्या भिंतीसमोर खुर्चीत बसलो. दहाला बेल वाजली. मी दार उघडलं. पेडणेकर इस्त्रीचा शर्ट घालून उभे. खांद्याला पिशवी, हातात वही. नेहमीसारखं त्यांनी पिशवीतून तांब्या काढला आणि काठावरचं नाव पूर्ण वाचलं.

"सौ. निर्मला दिगंबर पेडणेकर इथेच राहतात का?"

वहीत काय लिहायचं ते त्यांना ठाऊक होतं. पेन उघडून तयार होतं. मी फक्त 'त्या वारल्या' एवढं बोलायचं होतं. पण माझ्या तोंडातून ते निघेना, आणि जे मला बोलायचं नसतं ते मी आजवर कोणासाठी बोललेलो नाही.

"हायेत की," मी म्हटलं. "मोरीत भांडी घासतायत. द्या माझ्याकडं."

पेडणेकरांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि वही पुढे केली. मी सही केली. माझी सही चांगली येते. काय लिहिलं होतं ते मी वाचलं नाही.

"जरा पाणी मिळेल?" ते म्हणाले. "लांबून आलोय."

मी तांब्या विसळला, भरून आणून दिला. उंबऱ्याबाहेर उभं राहून ते सगळं पाणी प्यायले आणि त्यांनी तांब्या माझ्या हातात परत दिला. मी बाजूला सरलो, पण ते आत आले नाहीत.

"थोड्या वेळानं येतो, धर्माशेठ," ते हळू आवाजात म्हणाले. "तिचं काम आटपू दे."

आणि जिना उतरून खाली गेले.