पाळणाघरातल्या न गेलेल्या मेल

"जुनं काढण्याआधी त्याच्या पोटात काय राहिलंय ते बघून घ्या," शरच्चंद्रकाका तनुजाला म्हणाले होते. "अर्थात, आपण हिंजवडीत आयटीत नोकरी करता. आपल्याला मी काय सांगणार."

तनुजाने तो टोमणा समजून सोडून दिला.

कर्वेनगरातलं ते पाळणाघर मालनकाकू चालवत. त्यांचे यजमान शरच्चंद्रकाका कपाटाशेजारच्या जुन्या कॉम्प्युटरवरून पालकांना मेल पाठवत: मूल जेवलं, झोपलं, अंग गरम आहे. अलीकडे निम्म्या मेल पोचत नव्हत्या. आपल्या दोन वर्षांच्या अभिनवला ताप आल्याचं तनुजाला ताप उतरल्यावर कळलं, आणि तिचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. म्हणून बुधवारी रजा टाकून तिने मशीनसोबत मूळचंच आलेलं मेल पाठवायचं सॉफ्टवेअर काढलं आणि दुसरं बसवलं. चाचणीची मेल दोन सेकंदांत फोनवर आली. तिला भरून आलं.

मग जुन्याच्या मागे राहिलेल्या रांगेत तीन-चारशे न गेलेल्या मेल दिसल्या. एकही टाकून द्यायची नाही, असा काकांनी जुन्या सॉफ्टवेअरला हुकूमच देऊन ठेवला होता. बिचाऱ्या कधीपासून ताटकळल्या असतील, म्हणून तारखा न बघता तिने सगळ्या नव्याच्या हवाली केल्या.

अकराला पहिली रिक्षा थांबली. साईच्या बाबांना एका मिनिटात तीन मेल गेल्या होत्या: ताप, जुलाब आणि नाकात शेंगदाणा. ते डॉक्टर भावाला घेऊनच आले होते. साई नाक दाखवायला तयार नव्हता. बारापर्यंत दारात बावीस पालक जमले आणि मुलं वरणभात सोडून घरी जायला नाही म्हणून रडू लागली.

हे कोणी पाठवलं, अशी विचारणा झाली. तनुजाने वर्गात करतात तसा हात वर केला.

तेवढ्यात पूर्णिमा, भाग्यश्रीची आई, फोन बघता बघता थांबली. "ही एक सगळ्यांनाच आलीय. मार्चमधली." तिने वाचून दाखवली. काकूंना चक्कर येते, असं त्यात होतं. दुपारी तासभर कोणी आळीपाळीने येऊ शकेल का, जमत नसेल तर तसं कळवावं, एवढंच.

बावीस जण आपापल्या फोनवर ती शोधू लागले.

"आत्ता पोचली होय?" काकू भात कालवत म्हणाल्या. "उत्तर आलं नाही, तेव्हा जमत नसेल असं धरलं मी. तोंडावर कसं विचारायचं?"

"अहो काकू, पण मग..." पूर्णिमा म्हणाली.

"मग काय. या महिनाअखेर बंद करतेय. ती मेलही आली असेल बघ."

आली होती. सोमवारची.

त्या दिवशी साईच्या बाबांनी बारा मुलांना भात भरवला. डॉक्टर भावाने आलोच आहे तर म्हणून काकूंचं ब्लडप्रेशर तपासलं आणि त्यांना आत झोपायला पाठवलं. पूर्णिमाने दुपारच्या पाळ्या लावल्या. काका सगळं बघत बसले होते.

"तीन महिन्यांत उत्तर. तुमचं नवीन बरं चालतं म्हणायचं."

महिनाअखेरीला आणखी एक मेल आली, दोन सेकंदांत: तूर्त पाळणाघर चालू राहील.

तर, आपलं मूल सांभाळणाऱ्या बाईंकडे आज जाल तेव्हा मूल जेवलं का, हे नंतर विचारा. आधी त्या जेवल्या का, दुपारी जरा टेकल्या का, ते बघा. मेल करू नका. स्वतः जा.