चमच्यानं उचललेली अंडी

आमच्या फिंच क्लबात पक्षी पाळणारे पुष्कळ आहेत; पण दुसऱ्याची अंडी आणून त्यांतून पिल्लं काढून देणारा वस्ताद एकच, तो म्हणजे मी! हे मी स्वतःच्या तोंडानं सांगत नाही. म्हणजे सांगतो मीच, पण अजून कोणी हरकत घेतलेली नाही.

फिंच म्हणजे मुठीत मावणारे, दाणे टिपणारे पक्षी. प्रत्येक फिंचवाल्याच्या डोक्यात स्वप्नातला एक पक्षी बसलेला असतो. माझ्या डोक्यात निळ्या पाठीचा गोल्डियन होता. निळी पाठ, जांभळी छाती, पांढरं पोट! एकदा बघितला की माणूस बायकोचा वाढदिवस विसरतो. मी विसरलो होतो.

पण या गोल्डियनची एक खोड आहे. दिसायला राजेशाही, आणि आईबाप म्हणून अगदी बिनकामाचे! अंडी घालतात आणि विसरून जातात. म्हणून त्यांची अंडी उचलून बेंगालीज फिंचच्या जोडीखाली ठेवायची. हे साधे तपकिरी पक्षी कुणाचंही अंडं आपलं मानून उबवत बसतात. माझी जोडी तर गोट्यांवरसुद्धा बसेल, असं मी क्लबात अभिमानानं सांगत असे. हे वाक्य मी जरा जपून बोलायला हवं होतं.

तर एके दिवशी आमचे मास्तर घरी आले. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, क्लबातले सगळ्यांत जुने. त्यांनी कापूस भरलेली वाटी दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. आत चार पांढरी अंडी.

"माझ्या गोल्डियनची ही शेवटची रे," ते म्हणाले. "नर गेला. म्हातारीही आता अंडी घालायची नाही. तिची निळी पिल्लं बघायची एवढीच इच्छा आहे माझी."

"निर्धास्त राहा, मास्तर! अंडी माझ्याकडे आली म्हणजे पिल्लं झालीच समजा!"

"काय?"

मास्तरांना हल्ली कमी ऐकू येतं. मी तेच वाक्य छाती भरून पुन्हा ओरडलो. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी खाली वाकून अभिनंदन केलं. त्यांना वाटलं, आमच्याकडेच काहीतरी आहे.

आता काम तसं सोपं होतं. बेंगालीज जोडीला बसायची सवय राहावी म्हणून मी त्यांच्याखाली चार प्लास्टिकची अंडी ठेवली होती. ती काढायची, मास्तरांची ठेवायची. अंड्याला हात लावायचा नाही, चमच्यानं उचलायचं, हा माझा नियम. प्लास्टिकची अंडी चमच्यानं काढली, दुसऱ्या वाटीत कापसावर ठेवली, आणि दारावरची बेल वाजली!

खालच्या मजल्यावरचे काका. त्यांच्या छतातून पाणी गळत होतं, आणि ते पाणी माझ्या बाथरूमचंच आहे अशी त्यांची खात्री होती. मी दोन्ही वाट्या घाईघाईनं फळीवर ठेवल्या, खाली जाऊन त्यांचं छत बघितलं, मान हलवली आणि परत आलो. एक वाटी घेतली. एक-एक अंडं चमच्यानं अलगद घरट्यात. उरलेल्या वाटीतली अंडी खणातल्या डबीत ओतली. काम फत्ते!

थोडे दिवस गेल्यावर टॉर्च लावून अंडी तपासायची असतात. आत जीव धरला असेल तर अंडं आतून गडद दिसतं. मी घरट्यात टॉर्च धरला. चारही अंडी गडद! प्रकाशाचा कण आरपार जाईल तर शपथ!

मी लगेच मास्तरांना फोन केला. "चारही भरली आहेत, मास्तर! असं मी आजवर बघितलेलं नाही!"

हे मात्र शंभर टक्के खरं होतं.

मास्तरांनी ते सगळ्या क्लबाला सांगितलं. आमचे सेक्रेटरी, म्हणजे दातांचे डॉक्टर, पेशंटच्या तोंडात हात असतानाच म्हणे आनंदानं ओरडले. पिल्लं बघायला सगळ्यांनी एकदम माझ्याकडे यायचं ठरलं.

आणि पिल्लं काही येईनात.

दिवस भरले. मग उलटून गेले. माझी झोप उडाली, भूक गेली. मी बेलची वायर काढली. मिक्सर बंद केला. बायकोला टाचा उचलून चालायला सांगितलं.

"अहो, मी माझ्याच घरात चोरासारखी का चालू?"

"हळू बोल! अंड्यांना धक्का बसतो!"

"मला रोज बसतो, त्याचं काय?"

ती तणतणत मागच्या बाल्कनीत निघून गेली. तिथे तिची स्वतःची झेब्रा फिंचची जोडी असते. झेब्रा म्हणजे आमच्या क्लबात अगदी किरकोळ पक्षी. कुणीही पाळावा, कुठेही वाढावा. मी त्या पिंजऱ्याकडे ढुंकूनही बघत नसे.

रोज संध्याकाळी मास्तरांचा फोन यायचा.

"थोडा उशीर होतोय, मास्तर," मी हळूच म्हणायचो, बायकोला ऐकू जाऊ नये म्हणून.

"मोठ्यानं बोल!"

"उशीर होतोय!"

"काही बिनसलंय का?"

"नाही, नाही! सगळं ठीक आहे!" मी इतक्या जोरात किंचाळायचो की जिन्यात कुणीतरी थांबून विचारायचं, "खरंच ठीक आहे ना?" नव्हतं हो! माझ्या बढाईचं एक वेळ जाऊ दे, पण त्या म्हाताऱ्याची शेवटची आशा माझ्या घरट्यात अडकली होती. काय सांगणार होतो मी त्यांना?

शेवटी मास्तरच थांबेनात. एका सकाळी ते सगळा क्लब घेऊन दारात उभे! खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. सगळे श्वास रोखून पिंजऱ्याकडे बघत होते. मी दोन वेळा घाम पुसला.

"उघड बघू," मास्तर म्हणाले.

मी पिंजऱ्याचं दार उघडलं. एवढी माणसं बघून बेंगालीज जोडी बिथरली. घरट्यात फडफड झाली, आणि एक अंडं काठावरून घरंगळून थेट फरशीवर पडलं! डॉक्टरांनी डोळे मिटले. मास्तरांच्या तोंडून हाय निघाली.

अंडं फुटलं नाही. त्यानं उडी मारली! टक, टक, टक करत ते टिपऱ्या खेळल्यासारखं उड्या मारत गेलं आणि कपाटाखाली दिसेनासं झालं.

डॉक्टरांनी घरट्यातलं दुसरं अंडं उचललं आणि सवयीनं दातानं चावून बघितलं.

"प्लास्टिक," ते म्हणाले.

माझ्या पायाखालची जमीन सरकली. म्हणजे खरी अंडी खणात! मी धावलो. खण ओढला, डबी उघडली. रिकामी! आता मात्र रडूच यायचं बाकी होतं. मास्तर खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचा धीर मला झाला नाही.

तेवढ्यात मागच्या बाल्कनीतून बायकोची हाक आली.

"अहो, जरा इकडे या! तुमची प्लास्टिकची अंडी ओरडतायत!"

सगळा क्लब बाल्कनीकडे पळाला. झालं होतं ते असं. तिची झेब्रा मादी थांबायचंच नाव घेत नव्हती, अंड्यांमागून अंडी. तिला आवर घालायला, मास्तर अंडी देऊन गेले त्याच संध्याकाळी बायकोनं तिची अंडी काढून घेतली आणि माझ्या खणातली 'खोटी' त्या घरट्यात ठेवली. खोट्या अंड्यांत काय बघायचं, म्हणून नंतर तिकडे डोकावलीही नाही. डॉक्टरांनी टॉर्च मारला. चौथं अंडं फुटलंच नव्हतं; पण तीन उघड्या चोची, आणि प्रत्येकीच्या कडेला निळे मणी चमकत होते. ही खूण फक्त गोल्डियनच्या पिल्लांची!

मास्तर मटकन खाली बसले आणि हसायला लागले.

पिल्लं वाढली, रंग आले. दोन माद्या, एक नर, तिघंही निळी. मास्तरांनी क्लबाला घरी बोलावलं, माझ्या बायकोलाही. नर गाऊ लागला की नुसती चोच हलते, आवाज कानाजवळच ऐकू येतो, इतकं गोल्डियनचं गाणं नाजूक असतं. आम्ही सगळे पुढे वाकलो. त्यानं मान ताठ केली, छाती फुगवली, आणि...

"टीं! टीं! टीं-टीं-टीं!"

लहान मुलाच्या वाजणाऱ्या बुटासारखा! नर पिल्लू ज्या बापाच्या चोचीतून भरवलं जातं त्याचंच गाणं शिकतं, आणि याला भरवलं होतं बायकोच्या झेब्रानं.

"अरेरे," डॉक्टर कळवळले. "सगळं वाया गेलं!"

मी मान खाली घातली. मास्तरांच्या घराण्याचा शेवटचा नर, आणि मी त्याला भोंगा करून ठेवला होता.

"कोण गातंय?" मास्तरांनी विचारलं. ते मागे वळून पिंजऱ्याकडे बघत होते.

"तुमचाच नर, मास्तर!" मी ओरडलो.

मास्तर पिंजऱ्यापाशी गेले. पक्षी पुन्हा टीं-टीं करू लागला. त्यांचे डोळे भरून आले.

"कित्येक वर्षांत माझ्या पक्ष्याचं गाणं ऐकलं नव्हतं रे. नुसत्या चोची हलताना दिसायच्या." मग त्यांनी माझा हात धरला. "या पोरींची अंडी झाली की तुझ्याकडेच देणार. पण अगदी याच पद्धतीनं करायचं हं!"

"अर्थात, मास्तर!" माझी छाती आपोआप फुगली. "माझी खास पद्धत आहे ती!"

माझ्या मागून बायको काहीतरी म्हणाली. मास्तरांना ते ऐकू आलं नाही. बाकी सगळ्या क्लबाला आलं.